सोसायटीतली जुनी आर्मर्ड केबल बॅटरी कटरने कापायची आहे, हातमोजे कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की सोसायटीच्या चरातली 3.5 कोर (तीन फेज आणि एक कमी जाडीचा न्यूट्रल) 240 चौरस मिमीची निकामी ॲल्युमिनियम केबल भाड्याच्या बॅटरी कटरने तुकडे करून काढायची आहे, तर हातमोजे कोणते आणि एका चार्जमध्ये किती कट होतील. हातमोज्यांचं नंतर बघू. त्याच चरात शेजारी तशीच काळी, तेवढीच जाड, चालू केबल आहे का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. अपघात होतात ते तिथे.

ठेकेदार मंडळींशी माझा हा जुना वाद आहे. त्यांचं ठरलेलं वाक्य: "पेन टेस्टर वाजला नाही, टाँग टेस्टर शून्य दाखवतोय, लाइन बंद आहे, काप." आर्मर्ड केबलवर हे दोन्ही पुरावे फालतू आहेत. पेन टेस्टर विद्युत क्षेत्र ओळखतो आणि केबलभोवतीचं आर्मर, म्हणजे स्टीलचं कवच, अर्थ केलेलं असतं, त्यामुळे आत 415 व्होल्ट असले तरी तो गप्प राहतो. टाँग टेस्टर म्हणजे तारेभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प; तो अख्ख्या केबलभोवती लावला की तिन्ही फेज आणि न्यूट्रलचे करंट एकमेकांना खोडतात. भर लोडवरसुद्धा काटा शून्याजवळच. आणि लोड नसेल तर करंट नाहीच, व्होल्टेज मात्र पूर्ण. तरी हे वाद घालतात, कारण आजवर काही झालं नाही म्हणे!

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. दोन्ही टोकं उघडा, फीडर पिलरकडचं (जिथून सप्लाय येतो तो बाहेरचा डबा) आणि मीटर रूमकडचं. चारही कोअर, न्यूट्रलसकट, दोन्हीकडे सोडवा. दोन प्रोबच्या टेस्टरने फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ सगळं तपासा. तपासण्याआधी आणि नंतर तोच टेस्टर चालू सप्लायवर लावून तो धड आहे याची खात्री करा. मग कोअर एकत्र शॉर्ट करून अर्थ करा. फ्यूज काढले असतील तर ते खिशात ठेवा, पिलरला कुलूप आणि पाटी लावा. डीजी सेट आणि गच्चीवरचं सोलर विसरू नका. चेंजओव्हर (सप्लाय बदलणारा स्विच) चुकीचा जोडला असेल तर सप्लाय उलट्या बाजूने येतो.

एवढं करून टोकं बंद असल्याचं सिद्ध झालं. चराच्या मध्यावर हातात आलेली केबल तीच आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. केबल टोकापर्यंत पूर्ण उघडी करून हाताने माग काढता आला तर उत्तम. नाहीतर केबल ओळखणारं यंत्र, केबल आयडेंटिफायर, आणा: एका टोकाला पल्स सोडायची, दुसऱ्या टोकाला कोअर अर्थ करायचे, चरात क्लॅम्प लावून दिशा बघायची. अर्थात त्यासाठी आधीचं शॉर्टिंग पल्सच्या टोकाला काढावं लागतं आणि काम झालं की परत लावावं लागतं. पल्सचा परतीचा करंट त्याच केबलच्या आर्मरमधून येऊ देऊ नका, नाहीतर बाहेरून काहीच दिसणार नाही.

शंका उरली तर पहिला कट हातात धरलेल्या कटरने नकोच. स्पायकिंग गन (लांबून केबलमध्ये खिळा घुसवून ती बंद आहे का हे दाखवणारं हत्यार) वापरा, किंवा रिमोटवाला कटर भाड्याने घ्या, ज्यात पंप वेगळा असतो आणि इन्सुलेटेड होजच्या टोकाला अर्थ केलेलं कापणारं मुंडकं असतं. साध्या कटरचा ट्रिगर टेपने बांधून लांब पळणं हा त्यावरचा उपाय नाही. पाती आत अडकली तर सोडवायला तुम्हालाच जवळ जावं लागतं.

चालू केबल कापली तर पातं तिन्ही फेज शॉर्ट करतं. 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला 5 टक्के इम्पीडन्स धरला तर त्याच्या टर्मिनलवर 16-17 हजार ॲम्पिअर फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्टच्या वेळचा करंट, येतो. केबलच्या लांबीने तो कमी होईल, पण चेहरा जाळायला पुरेसा उरेल. कटरच्या प्लॅस्टिक बॉडीचा तिथे काही उपयोग नाही.

आता हत्यार. 240 ची आर्मर्ड केबल 55 मिमीच्या आसपास भरते, त्यामुळे 55 चा जबडा काठावरचा आहे. मेजर टेपने घेर मोजा आणि 3.14 ने भागा. पाती फक्त कॉपर-ॲल्युमिनियमची असेल तर स्टीलचं आर्मर कापताना तिची धार तुटते. भाड्याने घेताना स्टील आर्मर चालतं का, हे लेबलवरच वाचा. जबड्याची पिन पूर्ण बसली पाहिजे, अर्धवट पिनवर ट्रिगर दाबायचा नाही. केबल पातीला काटकोनात, दोन्ही बाजूंनी टेकू दिलेली; चरात ताणलेली केबल कापताच टोक उसळतं. अडकली तर कटर पिळू नका, प्रेशर सोडायचं बटण दाबा. पातीला हात लावण्याआधी बॅटरी काढा. कटरमधलं हायड्रॉलिक तेल झिरपत असेल तर बोटाने गळती शोधू नका: शेकडो बारचं तेल कातडीत घुसतं, जखम टोचल्यासारखी दिसते आणि थेट सर्जन गाठावा लागतो.

हातमोजे: रबराचे, क्लास 0, म्हणजे 1000 व्होल्टपर्यंतचे, वरून चामड्याचे. रोज हवा भरून गळती तपासा. ते शॉकपासून वाचवतात, आधी सांगितलेल्या शॉर्टच्या स्फोटापासून नाही. चष्मा हवाच, आर्मरच्या तारा उडतात.

किती कट? पाती, बॅटरी आणि आर्मर यांवर आहे, आकडा देत नाही. दोन बॅटऱ्या ठेवा. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या; फुगलेली परत वापरायची नाही.

हे सगळं फक्त एलटीपुरतं, म्हणजे 415 व्होल्टच्या कमी दाबाच्या केबलपुरतं. केबल 11 केव्हीची निघाली तर कटर खाली ठेवा आणि वितरण कंपनीला फोन करा. एलटीचं कामही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुम्ही स्वतः तो नसाल तर हा कटर भाड्याने घेण्याचं तुम्हाला कारणच नाही.