धूम्ररेषा नको, मग काय?

विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा हवामान किती तापवतात हे मॉडेलच्या आधारे कसं काढतात, यावर एकजण मराठीत लेख लिहीत आहेत. त्यांनी विचारलंय : या रेघेला, म्हणजे कॉन्ट्रेलला, 'धूम्ररेषा' चालेल का? मॉडेलला 'प्रतिमान' म्हणावं का? आणि रेडिएटिव्ह फोर्सिंगला 'किरणोत्सारी बल' बरोबर आहे का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे : अजिबात नाही. किरणोत्सार युरेनियम-रेडियमचा. उष्णतेच्या नि प्रकाशाच्या लहरींना परिभाषेत 'प्रारण' हा शब्द आहे. पण 'प्रारणी बल' लिहूनही वाचकाच्या हाती काही लागत नाही. मी सरळ 'उष्णतेचा वाढावा' लिहीन आणि एकदाच सांगेन, की पृथ्वीवर येणारी आणि इथून परत जाणारी ऊर्जा यांच्या जमाखर्चात पडलेली ही तफावत, दर चौरस मीटरला किती मिलीवॉट अशी मोजतात. मग आकडे बोलू लागतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१८ साली या रेघांचा आणि त्यांच्यापासून पसरलेल्या ढगांचा वाढावा सुमारे ५७ मिलीवॉट होता, तर १९४० पासून विमानांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. मात्र त्या ५७ च्या पोटात १७ ते ९८ एवढी अनिश्चितता आहे. ती लेखात गाळू नका.

आता धूम्ररेषा. तिच्या बाजूने बोलायचं तर धूमकेतूतही धूर नसतो आणि त्यामुळे कुणाचं अडलेलं नाही. गावाकडे 'जेटचा धूर' म्हणतात, पोरं तर 'रॉकेट गेलं' म्हणून ओरडतात. गप्पांमध्ये सगळं चालेल. पण तुमच्या लेखात हा शब्द आडवा येईल. इंजिनातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि उणे ४० अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून थंड हवेत काजळीच्या कणांवर गोठते. रेघ उमटेल की नाही हे सांगणारा नियम जर्मनीत श्मिटने १९४१ मध्ये मांडला, अमेरिकेत ॲपलमनने १९५३ मध्ये त्यावर पुढचं काम केलं. पण ती टिकेल की मिनिटाभरात विरेल, हे ठरतं त्या उंचीवरच्या दमटपणावर. तिथली हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ धरायला पुरेल त्याहून जास्त वाफ तिच्यात असेल, तर रेघ तासन्‌तास राहते, फिसकटते, आभाळभर पसरते. जपानच्या हवाई क्षेत्रावरच्या २०२० च्या अभ्यासात दोन-सव्वादोन टक्के उड्डाणांकडे या तापमानवाढीचा ८० टक्के वाटा निघाला. 'धूर' वाचलेला माणूस म्हणेल, त्या विमानांची इंजिनं खराब असणार. खरं तर तेच विमान थोडं खालून किंवा वरून नेलं असतं तर रेघ कदाचित टिकलीच नसती. काजळीचा संबंध आहे, नाही असं नाही : कण कमी तर स्फटिक कमी पण मोठे, आणि ते लवकर खाली येतात. तरी ती रेघ म्हणजे बर्फाचा ढगच.

म्हणून मी दोन शब्द सुचवतो. ताज्या, सरळ रेघेला 'मेघरेषा', आणि तिचा आकार मोडून पसरलेल्या पातळ ढगाला 'विमानजन्य तंतुमेघ'. 'हिमरेषा' फार मोहात पाडते, पण भूगोलवाल्यांनी ती डोंगरावरच्या कायमच्या बर्फाच्या सीमेला आधीच देऊन टाकली आहे. 'संघननरेषा' अर्थाने चोख, मात्र विज्ञानात संघनन आणि भूगोलात सांद्रीभवन शिकलेला वाचक तिथेच अडखळेल. जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात २०१७ पासून दहा मिनिटं तरी टिकलेल्या अशा रेघेला 'सिरस होमोजेनिटस' हे लॅटिन नाव आहे, म्हणजे माणसापासून जन्मलेला. त्यावरून 'मानवजन्य' करू नका. कारखान्यांच्या नि वीजकेंद्रांच्या वाफेतून झालेले ढगही त्याच होमोजेनिटसमध्ये मोडतात.

दोन शब्द हवेत याचं आणखी एक कारण : हिशेबही एकसारखा नाही. दिवसा हे ढग ऊन परतवतात आणि खालून जाणारी उष्णताही अडवतात, रात्री फक्त अडवतात. एका प्रकारची मॉडेलं एकेका उड्डाणाच्या रेघेचा जन्मापासून विरेपर्यंत माग काढतात, उदाहरणार्थ जर्मन शास्त्रज्ञ उलरिख शुमान यांचं २०१२ चं 'कोसिप' हे मॉडेल. दुसरी मॉडेलं साऱ्या पृथ्वीचं वातावरण चौकटींत विभागतात आणि या ढगांना त्यात एक घटक म्हणून बसवतात. दोन्हींची दुखरी नस एकच, दहा किलोमीटर उंचीवरच्या आर्द्रतेचे भरवशाचे आकडे.

आणि हो, 'मॉडेल' मॉडेलच राहू द्या. 'प्रतिमान' आपल्याकडे मानदंड या अर्थानेही वापरतात, आणि 'प्रारूप' म्हटलं की प्रारूप मतदार यादी आठवते. पावसाच्या बातम्यांनी मॉडेल कधीच घरोघर पोचवलंय. 'प्रतिमानीकरण केले जाते' ऐवजी 'मॉडेलने गणित मांडतात' लिहा, वाक्य हलकं होतं. कॉन्ट्रेल हाच शब्द ठेवायचा असेल, तर तो रेषेप्रमाणे स्त्रीलिंगी धरा : ती कॉन्ट्रेल, त्या कॉन्ट्रेल. 'कॉन्ट्रेल्स' नको.