बुरशीला ‘मान्यता’ कोण देतं?

कोपरखैरण्याच्या एका शिक्षिकांचा प्रश्न आहे. नववीच्या मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी फुफ्फुसातल्या बुरशीच्या संसर्गावर तक्ता केला. इंग्रजी मजकुराचं मराठी मोबाइलनेच करून दिलं आणि त्यात ‘रेकग्नाइझ’चं वाक्य आलं, ‘रोगप्रतिकारक यंत्रणा बुरशीला मान्यता देते.’ हे चुकलंय एवढं बाईंना कळलं. पण त्याजागी ‘ओळखते’ लिहावं, ‘ओळख पटते’ लिहावं की ‘अभिज्ञान’, असं त्या विचारतात.

मान्यता तर नकोच. आज मान्यता दिली तर उद्या बुरशी अनुदानही मागेल. ‘अभिज्ञान’ शब्द देखणा आहे, पण नववीच्या तक्त्यावर तो फेटा बांधून बसल्यासारखा दिसेल. तरी त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. अभिज्ञान म्हणजे खूण पाहून पटलेली ओळख. दुष्यंताची अंगठी आठवा. शकुंतला समोर उभी असताना राजाला काही आठवलं नाही, अंगठी हाती आल्यावर आठवलं.

बुरशीचंही जवळपास असंच आहे. परवा गावदेवीच्या मंडईतून आणलेल्या लिंबांतलं एक टोपलीत तळाशी राहिलं. पावसाळ्यातलं ठाणं, चार दिवसांत त्यावर हिरवट भुकटी धरली. नळाखाली धरलं तर पाणी थेंब होऊन घरंगळलं, भुकटी भिजेचना. लिंबावरची बुरशी वेगळ्या जातीची, पण फुफ्फुसात शिरणाऱ्या अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीच्या बीजाणूंनाही (बुरशीचं बी म्हणावं अशा भुकटीच्या कणांनाही) असाच, पाणी झटकणारा प्रथिनांचा अंगरखा असतो. हे बीजाणू दोन ते तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट वायुकोशापर्यंत, फुफ्फुसाच्या टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचतील इतके बारीक. आपण सगळेच रोज असे बीजाणू श्वासातून आत घेतो. अंगरखा शाबूत असेपर्यंत प्रतिकारयंत्रणेला त्यांचा फारसा पत्ता लागत नाही. हा अंगरखाच त्यांना लपवतो, हे 2009 मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. बीजाणू ओलाव्यात फुगून रुजायला लागला की अंगरखा फाटतो आणि आतली भिंत उघडी पडते. त्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते. ती माणसाच्या पेशींत नसते, म्हणून परक्याची खूण म्हणून चालते. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या अंगावर डेक्टिन-1 नावाचं ग्राही, म्हणजे खूण पकडणारं, प्रथिन असतं. बीटा-ग्लुकान पकडणारं ग्राही ते हेच, हे 2001 मध्ये कळलं. ते या साखळीला चिकटलं की पेशीला इशारा जातो, ती बीजाणू गिळते आणि मदतीला न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी बोलावून घेते.

म्हणून माझं मत ‘ओळख पटते’ला. ‘खूण पटते’ म्हटलंत तर त्याहून नेमकं. ‘ओळखणे’ चूक नाही, मथळ्यात खुशाल वापरा. पण ‘मी त्यांना ओळखतो’ यात जुना परिचय येतो, आणि तो कायमचा असतो. ‘ओळख पटली’ला मात्र एक क्षण लागतो: आधी संशय, मग पुरावा, मग पटणं. अंगरखा फाटण्याआधी आणि फाटल्यानंतर हा फरक ‘ओळखते’मध्ये दिसत नाही.

व्याकरणाचीही साथ आहे. ‘पेशी बुरशीला ओळखते’ यात पेशी कर्ता होते, जणू चष्मा लावून निरखतेय. ‘पेशीला बुरशीची ओळख पटते’ यात पेशी चतुर्थीत जाते. मला भूक लागते, तिला आठवण येते, तसं काहीतरी तिच्या बाबतीत घडतं. प्रथिन साखळीला चिकटणं हे घडणंच आहे, त्यात पेशीची मर्जी नाही. इतका बारीक भेद मराठी नुसत्या विभक्तीने दाखवते, तर तो का सोडायचा?

जाता जाता: ‘ओळखणे’मध्ये संस्कृत ‘लक्ष्’ धातू आहे, ‘लक्षण’मध्येही तोच. ‘क्ष’चा ‘ख’ झाला, जसा परीक्षेतून ‘पारखणे’ आणि रक्षणातून ‘राखणे’ आलं. म्हणजे ओळखणे, पारखणे, राखणे: यंत्रणेचं निम्मं काम या तीन क्रियापदांत आलं.

तक्त्यावर आणखी एक वाक्य असेल तर तेवढं तपासा. ‘ओळख न पटल्यामुळे आजार होतो’ असं सरसकट लिहू नका. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णात न्यूट्रोफिलच फार कमी उरलेले असतात. तिथे ओळख पटूनही धावून जायला कोणी नसतं. मुलींच्या वाक्याचं मी असं करीन: ‘बीजाणूचा अंगरखा फाटला की भक्षक पेशींना बुरशीची खूण पटते.’ ‘खूण’मधला ‘खू’ दीर्घच ठेवायचा, एवढं रंगवणारीला सांगा.