घड्याळाला राग आधी कळतो का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला असतो. मागच्या वर्षी मिरज रोडला ह्यांची गाडी स्लिप झाली, हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला. आता चालतात बोलतात, पण एकदम भडकतात, परवा भरलं ताट भिरकावलं आणि दहा मिनिटांनी विचारतात काय झालं म्हणून. भाचा म्हणतो, मामी, स्मार्टवॉच घ्या, राग यायच्या आधी अलार्म देतं. घ्यावं का?

उत्तर : ताई, पैसे सध्या ठेवा. भाचा अगदीच हवेत बोलत नाहीये, त्यावर संशोधन चालू आहे. कपाळामागचा मेंदू म्हणजे आपला ब्रेक, तिथं मार बसला की ताबा सुटतो, ते मुद्दाम करत नाहीत. आता भडकायच्या आधी बऱ्याचदा नाडी वाढते, हाताला बारीक घाम येतो, चुळबुळ सुरू होते. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा लाईट ठोके मोजतो, संशोधनातले काही पट्टे घामामुळं कातडीतून वीज किती सहज जाते तेपण मोजतात. पण जिना चढला तरी ठोके वाढतातच की, आणि मे महिन्यात सांगलीत घाम कुणाला येत नाही! शरीर खवळलंय एवढं कळतं, कशानं ते नाही. म्हणून संशोधनातसुद्धा माणूस कधी नि किती भडकला ते आधी कुणीतरी बघून लिहावंच लागतं, त्यासाठी 14 मुद्द्यांची एक मोजपट्टी आहे, प्रत्येकाला 1 ते 4 मार्क.

तेच काम तुम्ही वहीत करा. वेळ, आधी काय चाललं होतं, काय झालं, तुम्ही काय केलंत. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, अपुरी झोप, पोट साफ नसणं, सगळं लिहा. माझ्याकडं कऱ्हाडचे एक काका यायचे, त्यांच्या सुनेनं पंधरा दिवस लिहिलं तर सगळे भडके संध्याकाळी सात ते आठमधले निघाले, म्हणजे मिक्सर, मालिका आणि पोरांचे पाढे एकदमच. मग साडेसहालाच काकांना आतल्या खोलीत शांतपणे जेवायला वाढायला लागले, बराच फरक पडला.

अजून एक, फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम गोळी चालू असेल तर काहींना तिनंच चिडचिड वाढते. स्वतः बंद करू नका हं, वही घेऊन न्यूरोच्या डॉक्टरांना भेटा. आणि ताटाचं त्यांना परत परत आठवून द्यायला जाऊ नका, नसेल आठवत खरंच.

घड्याळ घेतलंच तर बीप बंद ठेवा, नाहीतर पहिलं तेच भिंतीवर जाईल.