हौशी नाट्यगटाने ३० हजारांत कोणता साऊंड मिक्सर घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मुलुंडचा हौशी गट आहे, वर्षभरात एकांकिका स्पर्धा आणि एखादं दोन अंकी नाटक होतं, गंगाजळीत ३० हजार रुपये आहेत. दुकानदार भरपूर इफेक्ट्सचा १२ चॅनलचा मिक्सर सुचवतोय आणि गटातली तरुण मंडळी म्हणताहेत की आता डिजिटलच घेऊ. मी मुंबईतल्या हौशी आणि प्रायोगिक नाटकांचं पार्श्वसंगीत बरीच वर्षं ऑपरेट करत आलो आहे. माझा सल्ला एका वाक्यात: मिक्सरमधून आवाज किती वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे पाठवता येतो ते आधी बघा, चॅनल आणि इफेक्ट्स नंतर.

आधी ‘१२ चॅनल’चा हिशेब करू. चॅनल म्हणजे मिक्सरमध्ये आवाज आत घेणारी एक वाट. खोक्यावरच्या आकड्यात लॅपटॉप वगैरे जोडायच्या स्टिरिओ लाइनच्या जोड्याही धरलेल्या असतात. बेहरिंगरच्या एक्स १२०४ यूएसबीला प्रत्यक्षात ४ माईक लागतात. यामाहाच्या एमजी १० एक्सयूलाही ४ आणि एमजी १२ एक्सयूला ६. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘एक्सएलआरची (तीन पिनांची) माईकची भोकं किती?’ हा विचारायचा.

पण तुम्हाला तरी माईक किती लागणार आहेत? रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन किंवा तीन फूट माईक, विंगेत निवेदनाला एक. संपलं. नवीन गटांना वाटतं की माईक जितके जास्त तितकं स्वच्छ ऐकू येईल. होतं उलटंच. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) सुरू होण्याआधी मिळू शकणारा आवाज साधारण ३ डेसिबलनी घटतो. सहा माईक लावून कुजबुजणारा नट ऐकू येत नाही, पंख्याची घरघर आणि पावलांचा धपधपाट मात्र येतो. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं उभी राहिली, ती नटांनी कमावलेल्या आवाजावर आणि प्रेक्षकांच्या जवळ असण्यावर. तुमच्या छोट्या जागेतल्या प्रयोगांना तर एकही माईक लागणार नाही. तिथे मिक्सरचं काम फक्त संगीत आणि ध्वनी वाजवण्याचं.

आणि नाटकाच्या ध्वनीत सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच आहे: आवाज येतो कुठून? दिवाणखान्यातल्या कोपऱ्यातला फोन वाजतो आणि त्याची घंटा प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या दोन मोठ्या स्पीकरांतून येते. नट उजवीकडे धावतो, प्रेक्षकाचे कान वर जातात, आणि त्या क्षणी घर घर राहत नाही. हीच घंटा नेपथ्याच्या मागे फोनच्या जवळ ठेवलेल्या लहानशा ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरमधून आली तर कोणी तिचा विचारही करत नाही, आणि तेच हवं असतं. याहून सुंदर काम रेडिओचं. गाणं आधी टेबलावरच्या रेडिओतून, बारीक, किरकिऱ्या आवाजात सुरू होतं. पात्र आठवणीत शिरतं तसं ते हळूहळू मोठ्या स्पीकरांत पसरतं आणि आठवण तुटली की परत रेडिओत जातं. याला महागडं काही लागत नाही. एक लहान स्पीकर, एक लांब वायर आणि मिक्सरला मेनखेरीज, म्हणजे मोठ्या स्पीकरांच्या वाटेखेरीज, आणखी एक स्वतंत्र आऊटपुट लागतं.

हे आऊटपुट तीन प्रकारे मिळतं. पहिलं ऑक्स. प्रत्येक चॅनलवर एक नॉब असतो आणि तो त्या चॅनलचा आवाज वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. पण तो ‘प्री-फेडर’ आहे का, हे विचारा. फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी. प्री असेल तर चॅनलचा फेडर खाली ठेवूनही आवाज फक्त रेडिओच्या स्पीकरला देता येतो. पोस्ट असेल तर फेडर खाली गेला की तोही गेला. दुसरा प्रकार ग्रुपचा, म्हणजे काही चॅनल एकत्र करून बाहेर नेणाऱ्या वेगळ्या वाटेचा. एमजी १२ एक्सयूवर बटण दाबून चॅनल मेनऐवजी ग्रुप १-२ वर टाकता येतो आणि ग्रुपला स्वतःचा फेडर असतो. नाटकासाठी मला हीच सोय सगळ्यांत आवडते, कारण अंधारात नॉब चाचपडण्यापेक्षा फेडरवर बोट ठेवणं सोपं जातं. तिसरा प्रकार एक्स १२०४ यूएसबीवरचा ‘आल्ट ३-४’. तिथे म्यूटचं बटण दाबलं की चॅनल मेनमधून निघतो आणि आल्टच्या आऊटपुटवर जातो. स्वस्तातली उत्तम युक्ती आहे. मात्र आल्टला स्पीकर जोडल्यावर म्यूट म्हणजे शांतता उरत नाही, विंगेतला माईक म्यूट केला तर तो रेडिओतून बोलायला लागेल. त्यामुळे तिथे माईक फेडरनेच बंद करायचे, हे ऑपरेटरच्या मनात पक्कं असावं.

लॅपटॉपवरून वाजवत असाल तर आणखी एक सोपी वाट आहे. स्टिरिओची डावी बाजू रेडिओच्या स्पीकरला आणि उजवी बाजू सभागृहाला, असे ध्वनी आधीच एडिट करून ठेवा आणि दोन्ही बाजू मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनलवर घ्या. नाटकाला खरा स्टिरिओ तसाही फारसा लागत नाही. कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला एकच स्पीकर ऐकू येतो. गटात कुणाकडे मॅक असेल तर क्यूलॅब हे नाटकाचे ध्वनी वाजवायचं सॉफ्टवेअर वापरा. ते फक्त मॅकवर चालतं आणि दोन आऊटपुटांपुरतं फुकट आहे. एका बटणावर पुढचा क्यू (ठरलेला ध्वनी), ठरवलेल्या वेळात फेड.

आता फेडर. एमजी १० एक्सयू आवाजाला चांगला आहे, हलका आहे, पण त्यावर लेव्हलसाठी नॉब आहेत. गाण्याच्या मैफलीला चालेल. नाटकात ब्लॅकआऊटबरोबर संगीत वर न्यायचं आणि पहिल्या वाक्याखाली विरवायचं असतं, त्यासाठी सरकणारा फेडर हवा. म्हणून केवळ या कारणासाठी मी तो तुम्हाला सुचवणार नाही. बाकी तीन गोष्टी तपासा. फूट माईक बहुधा कंडेन्सर असतात, त्यांना मिक्सरने माईकच्या वायरीतूनच द्यायची ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर लागते. माईकच्या चॅनलवर खालचे, जाड आवाज कापणारा लो-कट हवा, म्हणजे फळ्यांवरच्या पावलांचा दणका कमी होतो. आणि हेडफोनवर चॅनल आधी ऐकायची सोय हवी, नाहीतर चुकीचं गाणं लागलंय हे प्रेक्षकांबरोबरच कळेल. इफेक्ट्ससाठी जादा पैसे देऊ नका. आकाशवाणीचा किंवा भुताचा घुमणारा आवाज घरी रेकॉर्ड करून आणता येतो.

मुंबईत राहून एक गोष्ट विसरू नका. शिवाजी मंदिर, दीनानाथ किंवा तुमच्या मुलुंडचं कालिदास, अशा नाट्यगृहांत मोठे स्पीकर तुम्हाला न्यायचे नाहीत. तुमच्या मिक्सरचा मेन आऊट तिथल्या यंत्रणेला जोडायचा असतो. तिथे तुम्हाला बऱ्याचदा माईकचीच लाइन मिळते. मिक्सरचा लाइन लेव्हलचा (माईकपेक्षा बराच जोरदार) सिग्नल सरळ तीत दिला तर आवाज फाटतो, म्हणून मध्ये तो माईकच्या पातळीवर आणणारा डीआय बॉक्स हवा. लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं असा हम येतो, तोही बऱ्याचदा डीआय बॉक्सवरच्या ग्राऊंड लिफ्टच्या बटणाने जातो. शक्य असेल तेव्हा प्रयोगाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि मिक्सरची वायर दिव्यांच्या डिमरच्या वायरींपासून लांब टाका. म्हणून ३० हजारांतले सगळे मिक्सरवर घालू नका. दोन डीआय बॉक्स, दोन-तीन चांगल्या लांब एक्सएलआर वायरी आणि एक पॅडिंगची बॅग यासाठी पैसे बाजूला काढा. लोकलने रंगीत तालमीला जाताना त्या बॅगेची किंमत कळते. पावसाळ्यात तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर फेडर खरखरायला लागतात.

माझी निवड विचाराल तर: नवा घ्यायचा असेल तर एक्स १२०४ यूएसबी, तुमच्या कामाला पुरतो. चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड एमजी १२ एक्सयू मिळाला तर तो आधी उचला. ग्रुपची सोय आणि दोन जादा माईक, दोन्ही मिळतील. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना स्वतःचा हेडफोन, एक माईक आणि वायर घेऊन जा. सगळे फेडर एकेक करून वरखाली करा, खरखर ऐका. काही न वाजवता गेन (माईकचा सिग्नल वाढवणारा नॉब) पूर्ण वाढवून प्रत्येक माईक चॅनलची सूं ऐका, एखादा चॅनल वेगळा वाटला तर तो बिघडलेला आहे. जॅक घालून किंचित हलवून बघा. जुन्या मिक्सरचं दुखणं बहुतेक तिथेच असतं.

राहिला डिजिटलचा प्रश्न. तरुण मंडळींचं म्हणणं चुकीचं नाही. बेहरिंगरच्या एक्सआर १८ सारख्या मिक्सरला १६ माईक लागतात, सहा ऑक्स असतात आणि प्रत्येक प्रवेशाची मांडणी जतन करता येते. संगीत नाटक करायला घेतलंत, प्रत्येक नटाला लेपल (कपड्यांना लावायचा बारीक माईक) लावायची वेळ आली, तर मीही तोच म्हणेन. पण त्याला फेडरच नसतात, सगळं टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर चालतं, आणि भरलेल्या नाट्यगृहात शेकडो मोबाइलच्या गर्दीत वायफाय तुटू शकतं. घेतलात तर लॅपटॉप नेटवर्कच्या वायरनेच जोडा. तुमच्या सध्याच्या बजेटमध्ये तो बसणं अवघड आहे, आणि कुठलाही डिजिटल ओढूनताणून बसवायचा म्हणजे वायरी आणि डीआय बॉक्स सोडून द्यावे लागतील, ते मी करणार नाही. यंदा ॲनालॉग घ्या, आणि एखाद्या मोठ्या प्रयोगाला डिजिटल भाड्याने आणून त्या मुलांच्याच हाती द्या.