स्वयंपाकघरात मुलांना काम देण्याविषयी, एका तरुण पालकास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुलीला सातवे वर्ष लागले आहे, धाकटा चार वर्षांचा आहे, दोघांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे तुम्ही उभयतांनी ठरवले आहे आणि दिवसभर घरी थांबण्याची जबाबदारी तू घेतली आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझी अडचण अभ्यासाची नसून स्वयंपाकाची आहे, हेही लक्षात आले. सकाळचे धडे कसेबसे मार्गी लागतात तोच जेवणाची वेळ होते. चिरणे, शिजवणे, वाढणे आणि आवरणे यांत दोन-अडीच तास जातात. मुले पायांत घोटाळतात. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर, आज आपण मुलांना शिकवले किती आणि नुसते जेवू घातले किती, हा प्रश्न तुला छळतो. घरी शिकवू लागलेल्या पुष्कळ आईवडिलांना तो छळतो. मलाही छळत होता, आणि मी त्याचे जे उत्तर काढले ते चुकीचे होते, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या घरच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी एक वही केली आणि प्रत्येक पदार्थासमोर त्यातून शिकवायचा विषय लिहून काढला. पाव करताना अपूर्णांक, सूप आटवताना बाष्पीभवन, भात शिजताना तांदूळ पिकवणारे प्रदेश, अशी ती मांडणी होती, आणि कागदावर ती फार सुबक दिसत असे. एके दिवशी माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, खोल भांड्यातले घट्ट पीठ दोन्ही हातांनी जोर लावून घोटत होती. मी तिला विचारले, पाऊण कप म्हणजे पाव कपाच्या किती पट? तिने डाव खाली ठेवला, हात धुतले आणि ती निघून गेली. पुढचे कित्येक आठवडे ती जेवणापुरतीच स्वयंपाकघरात येत असे. मला तिचा राग आला होता, पण बरोबर तीच होती. ती एका कामात पूर्ण बुडालेली असताना मी ते काम तिच्या हातून काढून घेतले होते आणि त्याच्या जागी परीक्षा ठेवली होती.

ती परत आली ती माझ्या कुठल्या युक्तीमुळे नव्हे. एका संध्याकाळी अचानक दोन पाहुणे येणार असल्याचे कळले, माझे हात भाजीत गुंतलेले होते, आणि मी बाहेर हाक मारून तिला एवढेच म्हटले की, तांदूळ मोजून धुऊन ठेव, नाहीतर जेवायला उशीर होईल. ती कप हातात घेऊन क्षणभर थांबली. आपल्या चौघांना दोन कप लागतात, मग सहा जणांना किती, असे तिने स्वतःशीच म्हटले आणि मी तोंड उघडण्याच्या आत तीन कप तांदूळ भांड्यात पडलेसुद्धा. मी वहीतून जे प्रमाण शिकवू पाहत होते, ते तिने पाहुण्यांसाठी अर्ध्या मिनिटात वापरले होते.

तुला माझे सांगणे आहे ते या प्रसंगातूनच आले आहे. मुलाला स्वयंपाकात असे काम दे, जे त्याने केले नाही तर जेवण खरोखर अडेल. आपल्याला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेला पिठाचा गोळा कोणता आणि घरातल्या सगळ्यांच्या ताटात येणारा पाव कोणता, हा फरक चार वर्षांच्या मुलालाही नेमका कळतो. हा विचार नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली तेव्हा स्वयंपाक, शिवण आणि सुतारकाम ही कामे त्यांनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवली. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममध्ये उघडले. त्यांच्या पद्धतीत लहान मुलांच्या हाती खेळभांडी न देता फुटू शकणारी खरी भांडी दिली जातात, कारण जे फुटू शकते ते मूल जपून धरते. आमच्या घरी त्या काळात काही वाट्या फुटल्या. मी तो खर्च पुस्तकांच्या खर्चात धरत असे, आणि आजही मला तो योग्यच वाटतो.

धाकट्याने भाज्या धुवाव्यात, पाने तोडावीत, मटार सोलावेत, उकडलेले बटाटे कुस्करावेत, केळे बोथट सुरीने कापावे. मुलीला मोजणे, मळणे, किसणे आणि खऱ्या सुरीने चिरणे जमू लागेल. तिला फळी न सरकणारी दे, खाली ओले फडके घाल, आणि भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून धरायला पहिल्या दिवसापासून शिकव. सुरी धारदार असू दे. बोथट सुरीवर जास्त जोर द्यावा लागतो आणि ती निसटते, म्हणून तिचीच भीती अधिक. मात्र काम एकदा दिले की ते त्या मुलाचेच राहू दे. रोज नवे काम देण्याचा मोह होईल. पण तीन महिने रोज तांदूळ मोजणारे मूल त्या कामाचे मालक होते, आणि पाणी किती घालावे यावर तुझ्याशी वाद घालू लागते. तो वाद मन लावून ऐक.

मग शिकवणे कुठे आले, असे तू विचारशील. ते बहुतेक वेळा पदार्थ बिघडतो तेव्हा येते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिने एकटीने पावाचे पीठ भिजवले, आणि काम लवकर व्हावे म्हणून यीस्टवर चांगले कडकडीत पाणी ओतले. दोन तासांनी पीठ होते तसेच होते. मी कारण ओळखले होते, पण त्या वेळेपर्यंत मला गप्प राहणे थोडेफार जमू लागले होते. आम्ही तो दगडासारखा पाव भाजला, सूपमध्ये बुडवून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच तीन वाट्या मांडल्या: एकीत थंड पाणी, एकीत कोमट, एकीत वाफाळते, आणि तिन्हींत चमचाभर साखर व सारखेच यीस्ट. दहा मिनिटांत कोमट पाण्याच्या वाटीवर फेस आला; थंड पाण्याची वाटी जवळजवळ स्वस्थ होती; गरम पाण्याच्या वाटीत शेवटपर्यंत काहीच झाले नाही. यीस्ट हा सजीव आहे, तो साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या वायूने पीठ फुगते, आणि साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो मरतो, हे सगळे मी तिला तेव्हा सांगितले, कारण तेव्हा तिने ते विचारले. आदल्या दिवशीच सांगून टाकले असते तर पाव वाचला असता, आणि त्या तीन वाट्या कधीच मांडल्या गेल्या नसत्या.

तुला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. प्रेशर कुकरच्या झाकणावर वजन कशाला, असे माझ्या मुलाने विचारले तेव्हा उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते आणि कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, एवढेच मला सांगता आले. हे भांडे कोणी शोधले, ते मला ठाऊक नव्हते, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. जेवणानंतर आम्ही दोघांनी मिळून शोधले, तेव्हा १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेच्या दाबावर शिजवणारे भांडे केले होते, ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा-झडप बसवली होती, आणि पुढे १६९० मध्ये त्यानेच दट्ट्या असलेल्या वाफेच्या इंजिनाची कल्पना मांडली, असे कळले. मुलगा त्यानंतर जवळजवळ सहा महिने वाफेच्या इंजिनांशिवाय दुसरे काही वाचत नव्हता. हा विषय मी वहीत कधीच लिहू शकले नसते.

घरात एक वजनकाटा ठेव आणि तो मुलांच्या हाताला लागेल असा ठेव. एक कप पाणी कुणीही भरले तरी त्याचे वजन तेवढेच येते, पण कपभर पीठ कुणी दाबून भरले आणि कुणी चाळून भरले यावर त्यात सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. बाबांनी भिजवलेले पीठ घट्ट का होते आणि आईने भिजवलेले सैल का, याचा छडा मुलांना एकदा स्वतः लावू दे. मोठी झाल्यावर मुलगी केकच्या साच्यापाशीही अडेल: २० सेंटिमीटर व्यासाच्या साच्याऐवजी २८ सेंटिमीटरचा घेतला तर मिश्रण जवळजवळ दुप्पट लागते, हे प्रथम कुणालाच पटत नाही. चौकटीच्या कागदावर दोन वर्तुळे काढून घरे मोजली की पटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र वाट पाहून शिकवायचे नसते. तिथे आधीच, स्पष्ट आणि न बदलणारे नियम हवेत. शेगडीवरच्या भांड्यांच्या दांड्या आत वळवलेल्या असाव्यात. मुलाच्या पायाखालचे स्टूल डगमगता कामा नये. कच्चे अंडे घातलेले मिश्रण चाटायचे नाही, आणि भिजवलेले कच्चे पीठही नाही, कारण कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात. शिजलेला भात दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवायचा नाही. भाजलेच तर तो भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावायची नाही, आणि भाजणे मोठे असेल तर डॉक्टरांकडे जायचे. हे मुलांनाही पाठ असू दे, कारण एखाद्या दिवशी भाजलेला हात तुझा असेल.

आता वेळेविषयी, कारण तुझ्या पत्रातला थकवा मला तिथेच जाणवला. मुलांबरोबर केलेल्या स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागतो, आणि वर्षानुवर्षे लागतो. म्हणून दिवसातले एकच जेवण मुलांबरोबर कर, आणि ते असे निवड की ज्या वेळी कुणी भुकेने कासावीस झालेले नसेल. आम्ही सकाळची न्याहारी निवडली होती. बाकीची जेवणे तू एकट्याने, भराभर, दार लोटून कर, आणि त्याबद्दल मनाला अजिबात टोचणी लावून घेऊ नकोस. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना दिवसात काही तास मुलांविना मिळतात. तुला ते मिळत नाहीत, आणि कदाचित कांदा चिरण्याची ती पंधरा मिनिटेच तुझी एकट्याची असतील. ती जप. मी ती जपली नाही, प्रत्येक क्षण मुलांबरोबरच घालवला पाहिजे असे मानत राहिले, आणि त्यामुळे ज्या दिवशी दूध उतू गेले त्या दिवशी मी दुधापेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टींसाठी मुलांवर ओरडले. त्याची मी नंतर त्यांच्याकडे माफी मागितली. मागितली नसती तर ते मला अजून बोचत राहिले असते.

दोघा भावंडांची भांडणे होतील, आणि ती बहुतेक ढवळण्यावरून होतील. एकाच भांड्यात दोघांना पाळीपाळीने ढवळायला लावण्यापेक्षा प्रत्येकाला एकेक पदार्थ सोपव. पाळी मोजण्यात जाणारी शक्ती वाचते. आवरणे हे स्वयंपाकापासून वेगळे काम म्हणून कधीही सांगू नकोस. ओटा पुसला गेला की स्वयंपाक झाला, अशीच घरातली भाषा असावी. आणि स्वतः केलेले मुले आवडीने खातात, या म्हणण्यावर फार विसंबू नकोस. माझ्या मुलाने पाच वर्षे भाज्या चिरल्या आणि त्यांतल्या निम्म्या तोंडाला लावल्या नाहीत.

तुम्ही राहता तिथल्या नियमांप्रमाणे मुलांच्या प्रगतीची नोंद द्यावी लागत असेल, तर रात्री एका वहीत तारीख घालून दोन ओळी लिही: आज काय केले, मुलांनी काय विचारले. स्वयंपाकानंतर लिहिलेली वही उपयोगी पडते; माझी आधी लिहिलेली होती.

राहिला धाकट्याच्या अंड्यांचा प्रश्न. तो रोज अंडी फोडण्याचा हट्ट धरतो आणि कवचाचे तुकडे मिश्रणात पडतात, म्हणून तू त्याला दूर ठेवतोस, असे लिहिले आहेस. त्याला दूर ठेवू नकोस, त्याला एक वेगळी वाटी दे. अंडे त्या वाटीत फोडायचे, कवच पडले असेल तर ते फुटलेल्या कवचाच्याच कडेने बाहेर ओढून घ्यायचे, आणि वाटी स्वच्छ दिसली की मगच ती मोठ्या भांड्यात रिकामी करायची. त्यानंतर साबणाने हात धुवायचे. पहिला आठवडा तुला कठीण जाईल, म्हणून त्या आठवड्यात रोज एकच अंडे लागेल असे काहीतरी कर. तो ते कसे फोडतो, आणि फोडताना काय बोलतो, ते मला सविस्तर कळव.

तुझी हितचिंतक,
ताई