सेंटरफायर रायफलीतून रिमफायर काडतूस

प्रश्न : आजोबांची मार्टिनी पद्धतीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी सेंटरफायर रायफल वारशाने माझ्याकडे आली असून परवान्यावर तिची रीतसर नोंद आहे. तिची काडतुसे मिळत नाहीत. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी खीळ) बदलून तिच्यातून .22 ची रिमफायर काडतुसे झाडता येतील का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : केवळ पिन बदलून हे साधणार नाही. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर (आघाताने पेट घेणारी छोटी टोपी) असतो, तर रिमफायरमध्ये पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत पसरलेले असते, म्हणून पिनेचा आघात मध्यावरून कडेवर न्यावा लागतो. मात्र खरा अडसर नळीचा आहे. ‘.22 लाँग रायफल’ या काडतुसाची गोळी जेमतेम 5.7 मिलिमीटर व्यासाची असते. मोठ्या बोअरच्या (आतील व्यासाच्या) नळीत ती पीळदार खाचांना टेकतच नाही, त्यामुळे तिला फिरकी मिळत नाही आणि वायू बाजूने निसटून जातो. शिवाय पिनेने कडा चेपली जावी म्हणून या काडतुसाचे पितळ पातळ ठेवलेले असते, आणि मागून पूर्ण आधार नसेल तर ते फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

असे रूपांतर अशक्य मात्र नाही. एनसीसीत ज्यांनी .22 ची नंबर 2 मार्क 4 रायफल हाताळली असेल, त्यांनी .303 एन्फिल्डचेच सरावासाठी बदललेले रूप पाहिले आहे. त्यांतील अनेकींच्या मूळ नळीत .22 ची अस्तरनळी बसवलेली होती आणि बोल्टचे (काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याचे) डोकेही बदललेले होते. हे काम शस्त्रनिर्मितीच्या कारखान्याचे होते, घरच्या ड्रिल यंत्राचे नव्हे. अस्तरासाठी मूळ नळी एकदा कोरली की ती पूर्ववत होत नाही, आणि आजोबांच्या रायफलीबाबत ते मला अजिबात पटत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीचे रूपांतर वा दुरुस्ती करायला स्वतंत्र परवाना लागतो. आपला बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. सराव हाच हेतू असेल तर बालेवाडीच्या क्रीडा संकुलातील रेंजवर चौकशी करावी. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात हेच .22 चे काडतूस वापरतात. स्वतःची वेगळी .22 घ्यायची असल्यास, 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, हे ध्यानात घेऊन आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे लेखी अर्ज करावा.