बर्नरशेजारी एफएलपी मोटर कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नंदेसरीच्या कारखान्यात पाइपच्या गॅसवर थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून ते कारखान्यात फिरवणारी भट्टी) आहे. सल्लागाराने त्याच्याभोवती सरसकट झोन 1 (नेहमीच्या कामातही स्फोटक गॅस असू शकेल अशी जागा) आखलाय आणि सगळ्या मोटर, दिवे एफएलपी (फ्लेमप्रूफ) करायला सांगितलेत. कोटेशन बघून मालकांचे डोळे पांढरे झालेत.

बडोद्यात बरीच वर्षं हेच काम केलं, म्हणून स्पष्टच सांगतो, ते वर्तुळ चुकलंय. एफएलपी पेटी आतला भडका बाहेरच्या गॅसपर्यंत जाऊ देत नाही, तिचं काम तेवढंच. इथे तर हातभर अंतरावर उघडी ज्योत आहे. गॅस तिथवर पोचला तर तो मोटरची वाट बघत बसणार आहे का? एनएफपीए 497 हे अशा जागा ठरवण्याचं अमेरिकी मार्गदर्शक हेच सांगतं: बॉयलर, फायर्ड हीटर यांच्या अगदी लगतच्या जागेला विद्युत वर्गीकरण (म्हणजे असे झोन आखणं) लावणं योग्य नाही. याचा अर्थ ती जागा सुरक्षित आहे असा मात्र मुळीच नाही!

वर्गीकरण हीटरचं नसतं, गळतीच्या जागांचं असतं. गॅस ट्रेनचे (बर्नरला गॅस आणणाऱ्या पाइप-व्हॉल्व्हच्या जोडणीचे) फ्लँज, व्हॉल्व्ह, व्हेंटचं तोंड. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून शेडच्या छताखाली कोंडतो का तेही बघा. ऑइलच्या पंपाकडे सगळे दुर्लक्ष करतात. तेलाचा फ्लॅश पॉइंट (त्याची वाफ ठिणगीने पेटू शकेल ते तापमान) 200 अंशांच्या वर, म्हणून 'ज्वालाग्राही नाही' म्हणायचं आणि चालवायचं 270 वर! सील गेलं की वाफ आणि धुकं दोन्ही उडतात. त्या पंपाभोवती झोन 2 (बिघाड झाला तरच, थोडा वेळ धोका असलेली जागा) धरा, तिथली मोटर त्याप्रमाणे घ्या.

शेजारच्या सॉल्व्हंट पंपाचा झोन हीटरपर्यंत येत असेल, तर नकाशावर रेघ आखडती घेऊन भागत नाही. हीटर तरी हलवायचा, नाहीतर पंप. ब्लोअर हवा कुठून ओढतो तेही तपासा. एका ठिकाणी सक्शन थेट ड्रम भरायच्या ओट्याकडे तोंड करून होतं, आणि नकाशात सगळं झकास.

राहिला बंद हीटरचा प्रश्न. व्हॉल्व्ह झिरपून भट्टीत गॅस साठला, तर बाहेरची एफएलपी मोटर काय करणार? तिथे दोन शट-ऑफ व्हॉल्व्ह, ज्योत बघणारा स्कॅनर आणि पेटवण्यापूर्वी भट्टीच्या आकारमानाच्या किमान चौपट हवेचा पर्ज (साठलेला गॅस हवा फुंकून बाहेर काढणं) लागतो. एफएलपीचे पैसे वाचले तर आधी तिकडे लावा, आणि ऑपरेटर पर्जचा टायमर बायपास करत नाही ना, ते रात्रपाळीत जाऊन बघा.